पांढरं टाळून

दट्ट्या आला त्या दिवशी अख्ख्या वखारीत मनातून खूश झालेलं माणूस एकच होतं, आणि नेमकं तेच सगळ्यांत जास्त तोंड पाडून बसलं होतं. तोंड पाडणं गोजरबाईला चांगलं जमायचं. नगरच्या वखारीत लाकडाच्या काट्याशेजारी इतकी वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टी आपोआप येतात. ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकणाऱ्याचा चेहरा ओळखता येतो, आणि वेळ पडली तर तोच चेहरा आपल्याला करता येतो. ती चिंचेच्या ओंडक्याला टेकून बसली होती, पदराचं टोक दातांत धरलं होतं, आणि समोर मच्छिंद्र मिस्त्री यंत्रापुढे नारळ फोडत होता. यंत्र म्हणजे एक लांब लोखंडी तुळई, तिच्या एका टोकाला उभं बसवलेलं पातं, दुसऱ्या टोकाला जाड नळकांड्यातून पुढेमागे सरकणारा दट्ट्या आणि बाजूला डिझेलवर धडधडणारं इंजिन. मच्छिंद्र पूर्वी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात होता. ट्रॉली उलटी करायला तेलाच्या दाबाचा जो दांडा असतो, तसला एक त्याने भंगारातून उचलून इथे आडवा निजवला होता. इंजिन तेल दाबतं, तेल दट्ट्याला रेटतं, दट्ट्या ओंडक्याला रेटतो आणि ओंडका पात्यावर जाऊन फाटतो, असं त्याने शेटला, मग हमालांना आणि मग कुणीच विचारलं नाही तेव्हा हवेला समजावून सांगितलं. त्या साली पाऊस गेला होता तो गेलाच होता. शेवगाव-पाथर्डीकडून वाळलेली झाडं गाड्या भरभरून येत होती, हाताने फोडून ढीग हलत नव्हता, म्हणून रंगनाथशेटनी हा खर्च केला होता. पहिला ओंडका लिंबाचा लावला. मच्छिंद्रने दांडी ओढली. गोजरबाईचे कान सवयीने धप्पकन येणाऱ्या आवाजासाठी आवळले गेले आणि तो आवाज आलाच नाही. नुसती घरघर झाली, दट्ट्या गाभण म्हशीसारखा सावकाश पुढे आला, लाकूड आतल्या आत कण्हलं, करकर करत उकललं आणि त्याच्या दोन फाका दोन्हीकडे निवांत आडव्या झाल्या. कुणी वर हात केला नव्हता, कुणी खाली हात धरला नव्हता. आणि तेव्हा पदराखाली गोजरबाईचा डावा हात उघडला. आपसूक, एकेक बोट करत. ही मूठ मिटलेली होती हेच तिला ठाऊक नव्हतं.

तिने हाताकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दगडाबाईनेही पाहिलं असतं, आणि दगडाबाईने पाहिलेली गोष्ट दुपारपर्यंत माळीवाड्यात पोचायची. ती वखारीतल्या साली आणि ढलप्या वेचून नेणारी बाई, जिभेने कुऱ्हाडीचं काम करणारी. "ह्येला ढलपीच न्हाई निघत," ती यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाली. "धड दोन तुकडं. माझ्या चुलीनं काय खायाचं मग?" शेट जवळ आले, चेहरा थोडा सुतकी करून कानिफनाथाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कानिफा, तू मनाला लावून घेऊ नकोस. माणूस तो माणूस. अवघड लाकडाला तूच लागणार." गोजरबाईने मनातल्या मनात शेटचं वजन केलं. दुःख पावशेर, आनंद मणभर, पण पावशेर दुःखही खरं होतं, भेसळ नव्हती, एवढं तिने मान्य केलं. हमाल हळहळले, कारण उद्या आपल्यालाही असा दट्ट्या निघेल का, हे त्यांच्या डोळ्यांत होतं. प्रत्येक जण कानिफनाथासाठी हळहळत होता आणि प्रत्येकाची हळहळ त्याच्या त्याच्या घरी राहायला जात होती. आणि कानिफनाथ, तिचा कारभारी, ओंडक्यावर बसून विडी ओढत यंत्राकडे बघत होता. लोकांना वाटलं, काय हा माणूस, शत्रूकडे कसा एकटक बघतोय. तो कुठे बघतोय ते फक्त गोजरबाईला माहीत होतं. आवाज जिकडून येत होता, तिकडे त्याने तोंड केलं होतं. ओंडका फुटून गेला, मच्छिंद्र दुसरा आणायला पलीकडे गेला, तरी त्याचं तोंड इंजिनाकडेच होतं.

लाकूड फोडणं लोकांना वाटतं एकट्याचं काम आहे, कुऱ्हाड घेतली की झालं. चुलीपुरत्या काटक्यांना ते खरं आहे. वखारीत येणारं बाभळीचं, चिंचेचं बूड कुऱ्हाडीला दाद देत नाही. त्याला पाचर लागते, आणि पाचरीला दोन माणसं. एकाने लोखंडी पाचर लाकडाच्या भेगेवर उभी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. पहिला घाव पुरा घालावा लागतो. हलका घातला तर वाळलेली बाभूळ पाचर थुंकून टाकते, ती उडून कुणाचं तोंड फोडील सांगता येत नाही. म्हणून पहिल्या घावाला हात पाचरीवर हवाच. पाचर रुतली की हात काढायचा, मग पुढचे घाव कसेही घाला. म्हणजे सगळा संसार त्या पहिल्या घावाचा. धरणाऱ्याने जीव आणि हात स्थिर केला की "हां" म्हणायचं आणि घालणाऱ्याने त्या "हां"वर घण खाली आणायचा. लग्नानंतर ऊसतोडीला गेले, ते जमेना म्हणून दोघं नगरला आले, तेव्हा दुसऱ्या बायका म्हणाल्या, बाईमाणसाने पाचर धरू नये, तो पुरुषाचा हात आहे. कानिफनाथ म्हणाला होता, "दुसरा गडी धरील तर त्याचा हात मला वळखीचा न्हाई." एवढंच. प्रेमाचं म्हणावं असं तो एवढंच बोलला असेल सगळ्या संसारात, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी. डाव्या हाताने धरायची म्हणून तिने डाव्या हातातला चुडा तेव्हाच काढून ठेवला. बांगड्या लोखंडावर वाजतात, चित्त हलतं. सवाष्णीचा एक हात भरलेला आणि दुसऱ्यात नुसतं तांब्याचं कडं, यावर दगडाबाई काय काय बोलली ते सांगण्यासारखं नाही. गोजरबाई मात्र त्या काळात कारभाऱ्यावर एकाच गोष्टीसाठी चिडायची. ती "हां" म्हणायची आणि हा लगेच घण आणायचा नाही. एक श्वास थांबायचा. घण वर, ही खाली वाकलेली, आणि हा उगाच एक श्वास थांबलेला. "झोपला का काय वर?" ती म्हणायची. तो हसायचा आणि मग आणायचा.

डोळे कधी गेले हे कळलंच नाही. डोळे काही एका दिवशी जात नाहीत. स्टँडवर तिचा भाऊ शेवगावच्या गाडीतून उतरला आणि समोर येऊन उभा राहिला, तर कानिफनाथाने त्यालाच विचारलं, "शेवगावची गाडी आली का वो पाव्हणं?" भाऊ म्हणाला, "दाजी, थट्टा करता व्हय," आणि सगळे हसले. गोजरबाईही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. मग ताटातल्या भाकरीवर मीठ चाचपणं. मग पायरीपाशी थांबून पायाने पुढची जमीन विचारणं. मग दिवेलागणीनंतर बाहेर न जाणं, आणि त्याला "आता थकवा येतो" असं नाव देणं. लोकांना रामराम घालणंही सुटलं. वखारीत चर्चा झाली की कानिफाला आता माज आलाय. त्याने काही सांगितलं नाही, तिने काही विचारलं नाही. सांगितलं असतं तर काम गेलं असतं, काम गेलं असतं तर गावाला जावं लागलं असतं, आणि गावाला त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडण्यापलीकडे काही नव्हतं. तिथेही हातोडा आणि तिथेही डोळेच लागणार. हे तिने चोख मांडून पाहिलं होतं. पण तिला खरं गप्प बसवलं ते या मांडणीने नाही. ज्या माणसाने कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याला "तुमाला दिसत न्हाई" हे आपल्या तोंडाने सांगायचं, आणि नंतर तो आपल्याकडे कसा पाहील ते बघत राहायचं, म्हणजे कसा पाहणार नाही ते. ते तिच्याने होणार नव्हतं. त्यापेक्षा हात धरणं सोपं.

तेव्हा तिने चुना काढला. कमरेच्या बटव्यात तंबाखूबरोबर चुन्याची डबी असायचीच. एका सकाळी पाचर हातात घेताना तिने अंगठ्यावर चुना घेतला आणि आपल्या बाजूने पाचरीच्या डोक्यावर फासला. काळ्या लोखंडावर पांढरा ठिपका. एवढं तरी दिसेल, एवढ्यावर तरी मारील. शेटनी विचारलं, तर म्हणाली, "म्हसोबाचं हाय. हत्याराला नजर लागू नये म्हनून." दगडाबाई म्हणाली, "घणाला बी लाव की, त्यो काय सावत्र हाय?" गोजरबाईने तिला तंबाखू दिला आणि विषय मिटला. कानिफनाथाने काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी पाचर उभी राहिल्यावर तो घण घेऊन जरा वाकला, मान तिरकी केली, पाहिलं, आणि पुन्हा सरळ झाला, बस्स. ती रोज चुना लावू लागली आणि रोज संध्याकाळी पाचर पुसायच्या आधी पाचरीचं डोकं बघू लागली. घाव जिथे बसला तिथला चुना उडालेला असायचा. पण उडालेला असायचा तो पलीकडच्या कडेचा. पांढऱ्याच्या मधोमध घाव कधीच नाही. तिच्या बाजूचा पांढरा ठिपका जसाच्या तसा, आणि घाव सगळे पलीकडे, कडेकडेला, पाचर वाकडी होईल असे. म्हणजे पांढरंही दिसत नाही. ती चुना जाड लावू लागली. घाव आणखी पलीकडे गेले. तिच्या मनात पक्कं बसलं की याचे डोळे उरले नाहीत, हा नुसता अंदाजाने मारतोय, आणि एक दिवस अंदाज अलीकडे येईल. ती "हां" म्हणायची तेव्हा आता आत कुठेतरी दुसरीच बाई देवाचं नाव घ्यायची. घणाची सावली हातावरून सरकायची. उन्हात ती सावली थंड लागायची. तो एक श्वास, ज्यावर ती पूर्वी चिडायची, आता तिला लांब लांब वाटायचा. पावसाळ्याविना गेलेल्या त्या अख्ख्या वर्षाएवढा लांब. मग घाव, मग पाचर रुतायची, मग तिचा हात परत यायचा, आणि ती त्या हाताला मनात म्हणायची, आलास का. असा तो हात रोज किती वेळा परत आला असेल. पुणतांब्याला दिलेल्या लेकीला बाळंतपणाला आणलं, तेव्हा बाळाच्या अंगाला तेल लावताना गोजरबाईला एकदम वाटलं होतं, हा हात उद्या नसेल तर हे अंग हाताला कसं लागायचं. पण उठून ती वखारीतच गेली होती.

म्हणून दट्ट्या आला आणि तिची मूठ उघडली. त्या लोखंडाचे उपकार तिला इतके वाटले की मिस्त्रीच्या पाया पडावं, पण तो पोरगेला होता आणि फुगला असता. दोन दिवसांनी ती कासाराकडे गेली आणि डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरून आली. जुनं कडं तिने बटव्यात टाकलं. घरी भाकरी थापायला बसली तर कानिफनाथ भिंतीला टेकून बसला होता तो म्हणाला, "भरल्यास व्हय." तिने विचारलं, "तुमाला कसं कळलं?" आणि जीभ चावली. तो म्हणाला, "वाजत्यात." पुढे बराच वेळ परातीत भाकरी आणि हातात बांगड्या वाजत राहिल्या. दिवसभर तो आता ओंडके वाहायचा. दोन्ही हातांनी कवटाळून, पायाने वाट शोधत, ओळखीच्या ढिगापासून ओळखीच्या तुळईपर्यंत. ती फाका रचायची. त्याचं बोलणं कमी झालं. लोक म्हणाले, घण गेला म्हणून खंगलाय. तिलाही तेच वाटलं, आणि आपल्या खुशीची तिला चोरी वाटू लागली. बांगड्या वाजल्या की ती पदराखाली हात घ्यायची. माणूस खंगतोय आणि आपण हिरव्या बांगड्या भरून यंत्राला दुवा देतोय, हे बरं नव्हे. पण दुवा थांबत नव्हता. सकाळी इंजिन सुरू झालं की तो आपसूक निघायचा, हाताबरोबर.

आणि मग होळीच्या तोंडावर त्या चिंचेने घात केला. तेच बूड, ज्याला टेकून ती पहिल्या दिवशी बसली होती. इतके दिवस मागे मागे राहिलं होतं, कारण ते अडेल होतं हे सगळ्यांना बघूनच कळत होतं. आतून पिळलेलं, गाठींनी भरलेलं. त्या दिवशी हलवाई दारात टांगा घेऊन उभा, त्याला चिंचच हवी होती, तिचा विस्तव टिकतो म्हणून. मच्छिंद्रने बूड लावलं, दांडी ओढली. दट्ट्या आला, बूड पात्याला भिडलं आणि थांबलं. इंजिनाचा आवाज जाड झाला. मच्छिंद्रने दांडी आणखी ओढली. तेलाची नळी जिथे जोडली होती तिथून फस्सकन तेल उडालं, मिस्त्रीचा पांढरा सदरा काळा झाला आणि दट्ट्या जागच्या जागी मेला. वखारीत असं हसू फुटलं की बाहेरचे लोक आत आले. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं ते. "काय मिस्त्री, म्हस बसली का?" "आरं, तिला पेंड घाला." मच्छिंद्र म्हणाला, "नळीचा वायसर गेलाय. स्टेशन रोडवरून आनतो, दुपारपतूर चालू." पण हलवाई थांबायला तयार नव्हता. शेटनी इकडे तिकडे बघितलं आणि हाक मारली, "कानिफा, घण काढ रे तुझा."

हमाल ओरडले. दगडाबाई टोपली टाकून पुढे आली, कारण आज ढलप्या निघणार होत्या. एकाने धावत जाऊन घण आणून कानिफनाथाच्या हातात दिला, दुसऱ्याने पाचर गोजरबाईच्या पुढ्यात टाकली. सगळे इतके खूश होते. आपला माणूस यंत्राला खाली बघायला लावणार होता. त्यांच्या खुशीत एका रुपयाची खोट नव्हती, हे तिला त्या क्षणीही कळलं, आणि म्हणूनच काही बोलता येईना. नाही म्हणायला तोंड उघडावं तर ते त्याच्या डोळ्यांवर येणार. तिने कारभाऱ्याकडे पाहिलं. तो उभा होता, घणाच्या दांड्यावरून हात फिरवत होता, जुन्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. एकदाच, तिने मनाशी म्हटलं. शेवटचं, एकदाच. बूड खाली जमिनीवर उभं केलं होतं. ती बसली. बांगड्या वर सरकवून कोपराकडे दाबून बसवल्या. भेग शोधली, पाचर उभी केली, डावा हात घट्ट केला. लोखंड थंड होतं आणि हाताला अनोळखी झालं होतं. कितीतरी दिवसांनी हात पुन्हा तिथे गेला होता आणि त्याला जायचं नव्हतं. बोटं आपल्या मनाने सुटायला बघत होती. सगळं लक्ष त्या बोटांत गेलं. सावली आली. थंड. "हां," ती म्हणाली.

श्वास झाला. घण आला नाही. दुसरा श्वास झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "हान की." तिने वर पाहिलं. घण खांद्यापलीकडे तसाच होता आणि कानिफनाथाची मान तिरकी झाली होती, या कुशीला, त्या कुशीला, पाखरासारखी. मग त्याने घण हळूच खाली उतरवला, दोन पायांमध्ये टेकवला आणि तिच्या दिशेने बारीक आवाजात विचारलं, "चुना न्हाई लावला व्हय आज?"

तिला वाटलं आपण ऐकलंच नाही. इतक्या काळात चुन्याचा शब्द त्याने कधी काढला नव्हता. "कसला चुना?" शेट म्हणाले. आणि मग कानिफनाथ जे बोलला ते तो घणाच्या दांड्याशी बोलल्यासारखं बोलला, सावकाश, लाकूड रचल्यासारखं. "मला दिसत न्हाई शेट. लई दिस झालं. मानसं न्हाई दिसत, पाचर न्हाई दिसत. पांढरं तेवढं दिसतं. ही पाचरीला चुना लावती, तिच्या अंगाला. तेवढं पांढरं दिसलं का मला कळतं, हितं गोजराचा हात हाय. मग पांढरं टाळून हानायचं. पलीकडं. आज पांढरंच न्हाई." तो थांबला. "टाळू काय मग?"

गोजरबाई पाचर धरून तशीच बसली होती. हात काढायचंही तिला सुचलं नाही. रोजच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोरून सरकू लागल्या. पाचरीचं डोकं, पलीकडच्या कडेचा उडालेला चुना आणि अलीकडचा तिच्या अंगठ्याएवढा, जसाच्या तसा पांढरा ठिपका. ज्याला दिसत नाही त्याचा नेम चारी बाजूंनी चुकतो. याचा कधी तिच्या बाजूला चुकला नव्हता, एकदाही नाही. ती म्हणत होती, इथे मार. तो समजत होता, इथे मारू नको. ती जितका जाड चुना लावी, तितका तो लांब जाई. रोज संध्याकाळी ती त्या शाबूत पांढऱ्याकडे बघून घाबरत होती, आणि ते पांढरं म्हणजे तिचा हात होता, त्याने रोज परत केलेला. माणसं तोलता तोलता जन्म गेला तिचा, शेटचं पावशेर दुःखसुद्धा तिच्या नजरेतून सुटलं नाही, आणि घरातल्या माणसाचा अख्खा हिशोब तिने उलट्या बाजूला मांडला होता. आणि तो खंगला होता तो घण गेला म्हणून, असं तिला वाटलं होतं. तिने आता त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यावर खंगणं नव्हतं. घण टेकवून उभा असलेला तो माणूस ओझं उतरवल्यासारखा दिसत होता. कदाचित दट्ट्या आला त्या दिवशी वखारीत मनातून खूश झालेली माणसं एक नव्हती. दोन होती, आणि दोघंही तोंड पाडून बसली होती.

आधी बोलली ती दगडाबाई. "आन् मी म्हनत हुते, ह्यो माजलाय. रोज रामराम घालते तर बघत बी न्हाई." ती नाक ओढत म्हणाली, "मुडद्या, आधी सांगायचं हुतं की. मी बी अंगाला चुना लावून आले असते." हमाल हसले, पण ते हसू निराळं होतं. शेट खाली बघत होते. गोजरबाईला त्यांच्या कपाळावर आकडे चाललेले दिसले. हा आता काय कामाचा, आणि काढला तर मला काय म्हणतील. ते आकडे पुरे व्हायच्या आत ती उठली. "मिस्त्री," ती म्हणाली, "तुझ्या दट्ट्याला ओंडका लावायचा तर डोळं लागत्यात का?"

"लागत न्हाई तसं," मच्छिंद्र सदरा पिळत म्हणाला. "हाताला लागतो की. पन दांडी वढनाऱ्याचं ध्यान पायजे, लावनाऱ्याचा हात आत असतो."

"मंग दांडी मी वढते. ओंडकं हे लावत्याल."

"मावशी, बायकांचं काम न्हाई ते."

"पाचर धरनं बायकांचं हुतं व्हय रं?"

शेटनी मान वर केली. दोघांचं काम दोघांतच भागत होतं, तिसरा गडी लागत नव्हता आणि मिस्त्री दुरुस्तीच्या कामाला मोकळा होत होता. त्यांच्या चेहऱ्यावर दया आणि फायदा अगदी एकाच पावलावर चालत आले, आणि गोजरबाईला पहिल्यांदाच त्यांना वेगवेगळं तोलावंसं वाटलं नाही. जे आलं ते बरं आलं. "करा," ते म्हणाले. "आणि कानिफा, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात. होळी झाली की जाऊन ये." कानिफनाथ कसनुसा झाला. "सुरी लावत्यात म्हनं शेट डोळ्याला." एवढा घण घालणारा माणूस, दगडाबाई म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले. हलवाई लिंबाचं लाकूड भरून कुरकुरत गेला. चिंच राहिली.

दुपारी वायसर बसला. मच्छिंद्रने गोजरबाईला दांडी दाखवली. ओढली की दट्ट्या पुढे, सोडली की जागच्या जागी थांबणार, मागे लोटली की माघारी. तिने ती दोनदा रिकामी ओढून पाहिली. मग तिने कमरेचा बटवा काढला, डबी उघडली, चुना घेतला आणि पात्याच्या धारेलगत वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढली. "हे कशाला मावशी?" मच्छिंद्रने विचारलं. "नजर लागू नये म्हनून," ती म्हणाली. तुळईच्या पलीकडून कानिफनाथ हसला. तोंड भरून, आवाज करून हसला. त्याच्या हसण्याचा आवाज ती विसरून गेली होती. "आता नीट सांग बया," तो म्हणाला. "पांढऱ्यावर का पांढरं टाळून? पुन्यांदा घोटाळा नगं."

"टाळून," ती म्हणाली. "पांढऱ्याकडं हात न्यायचा न्हाई."

"मंग मी करत हुतो त्येच की."

त्याने त्या अडेल चिंचेचं करवतीने छोटं कापून घेतलेलं बूड कवटाळून आणलं, तुळईवर ठेवलं, तळव्याने चाचपून त्याच्या शिरा शोधल्या, गाठ बाजूला वळवली. त्याचा हात लाकडावर होता, दट्ट्या आणि पातं यांच्या मध्ये. काळा, भेगाळलेला, तिच्या भरवशावर ठेवलेला. तिची मूठ दांडीवर होती. इंजिन धडधडत होतं आणि ती धडधड दांडीतून तिच्या कोपरापर्यंत येत होती, बांगड्या बारीक किणकिणत होत्या. एवढं बळ आपल्या मुठीत आणि खाली दुसऱ्याचा हात. इतकी वर्षं वर उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटत होतं ते तिला आता कळलं, आणि आपण त्याला झोपला का म्हणत होतो हेही आठवलं.

त्याने हात काढून घेतला, मागे सरला. "हां," तो म्हणाला.

तिने एक श्वास थांबून पाहिलं, आणि मग दांडी ओढली.